पहिला पीस दाखवला का?

“मॅडम, अजून एक आला. हापण लालच.”

ओंकारने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मंगळवारची सकाळ, साडेनऊ. मी अजून डबासुद्धा पिशवीतून बाहेर काढला नव्हता. आमच्या गेमला कुणीतरी एक स्टार दिला होता आणि खाली लिहिलं होतं, की गेम दिसायला छान आहे, पण जो पार्ट बनवावा तो रिजेक्ट होतो. ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लाल. बकवास.’

“किती झाले असे?”

“कालपासून साठ-सत्तर असतील. मोजायचं सोडलं मी.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण हा गेम टेस्ट करून पास कुणी केला होता? मी. रिपोर्टवर ‘ओके’ लिहून खाली सही कुणाची होती? माझी.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी वैशाली. एकोणीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. लाइनवर तयार झालेला पार्ट मोजायचा, बरोबर असला तर हिरवा टॅग, नसला तर लाल. एवढंच काम, पण ते रोज आठ तास. मग कंपनीने आमची लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हाला पेढ्याचा बॉक्स देऊन घरी पाठवलं. सत्तेचाळीस वय. त्या वयात एमआयडीसीत फिरून बघा, गेटवरचा सिक्युरिटीवालासुद्धा आधी वय विचारतो.

तेव्हा दत्ताभाऊंनी बोलावलं. दत्ताभाऊ मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. पंचवीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं बनवण्यात काढली आणि मग डोक्यात घेतलं, की आपल्या शॉपफ्लोअरचा, म्हणजे कारखान्यातल्या कामाचा, मोबाइल गेम बनवायचा. भोसरीत टूल ग्राइंडिंगच्या वर्कशॉपच्या वर एक गाळा घेतला. खाली ग्राइंडर सुरू झाला की आमच्या टेबलावरचा चहा थरथरतो. प्रोग्रॅमिंगला ओंकार, चित्रं काढायला रेश्मा, टेस्टिंगला मी आणि आमचे बॉस दत्ताभाऊ. झाली कंपनी.

गेम टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा, अशी आमच्या सोसायटीतल्या बायकांची समजूत आहे. तसं काही नसतं हो. एकच दरवाजा दोनशे वेळा उघडायचा आणि ज्या वेळी उघडणार नाही ती वेळ लिहून ठेवायची. चाकणला मी तेच करत होते, फक्त तिथे हाताला कूलंटचा वास यायचा.

गेमचं नाव ‘जनरल शिफ्ट’. तुमच्याकडे चार मशीनचा छोटा शॉप आहे. आठ तासांची शिफ्ट आठ मिनिटांत चालवायची. मशीन लावायचं, पार्ट काढायचे, चांगले पार्ट हिरव्या ट्रेमध्ये, खराब लाल बिनमध्ये. मध्येच लाइट जाते, फोर्कलिफ्टवाला रुसतो, साहेबांचा राउंड असतो. मराठी, हिंदी, इंग्लिश, तिन्ही भाषांत खेळता येतो.

आम्ही तो मे महिन्यात काढला, आणि त्यामागे दत्ताभाऊंचं गणित होतं. मोठ्या कंपन्यांचे मोठे गेम येतात दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात सगळं थंड. अशा आठवड्यात ॲप स्टोअरवाल्यांना दाखवायला काही नसतं. त्यांच्या पहिल्या पानावर एक ओळ असते, ‘या आठवड्यात लक्ष द्यावं असे नवे गेम’. ती ओळ भरायला मग ते आमच्यासारख्या चिल्लर लोकांकडे बघतात. शिवाय मे महिन्यात आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा शटडाउन असतो. मशीनची देखभाल होते, कामगारांना सक्तीची रजा. “आपली मान्सं घरी बसून काय करत्यात? मोबाइल बघत्यात. मग आपलाच बघतील की!” असं भाऊंचं म्हणणं.

आणि खरंच, सोमवारी त्या ओळीत आमचा गेम आला. चौथ्या नंबरला. पहिला होता पोस्टमनचं काम करणाऱ्या मांजराचा गेम. दुसऱ्यात एका बेटावर दीपगृह सांभाळायचं, जहाजं खडकावर आपटू द्यायची नाहीत. तिसऱ्यात डोंगरातली एसटी चालवायची, घाटात समोरून उसाचा ट्रक आला की रिव्हर्स घ्यायचा. तिन्ही मी खेळून बघितले. मांजराचा गोड होता, दीपगृहाचा सुंदर पण झोप आणणारा, आणि एसटीच्या गेममध्ये कंडक्टर प्रत्येक स्टॉपला बेल दोनदाच मारायचा, ते मला फार आवडलं. या तिघांच्या शेजारी आमचा ‘जनरल शिफ्ट’ बघून भाऊंनी खालच्या वर्कशॉपवाल्यांनासुद्धा जिलेबी वाटली.

ती जिलेबी पचायच्या आत मंगळवार उजाडला.

आमचा गेम बाजारात मांडणारी एक पब्लिशर कंपनी आहे, बंगळुरूची. तिथल्या नंदिता मॅडमचा शुक्रवारी अकरा वाजता कॉल ठरला होता. लोकांना गेम आवडला, लोक पुढे खेळत राहिले, तर दुसरा भाग करायचा. नाहीतर नाही. दत्ताभाऊंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “मी तुमाला खोटं सांगनार न्हाई. दुसरा भाग न्हाई मिळाला, तर गाळा सोडायचा. चौघंबी आपापल्या वाटंनं.”

ओंकारला कुठेही नोकरी मिळेल. रेश्माला मिळेल. भाऊंची शेती थोडी का होईना, आहे. मला कोण घेणार? मी पुन्हा कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली भिंग घेऊन बसले असते. तेही मिळालं असतं तर.

तर मी कामाला लागले. आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की तक्रार आली तर ती आपल्यासमोर पुन्हा घडवून बघायची. घडली की अर्धं काम झालं. ऑफिसातले नऊ फोन टेबलावर मांडले. जुने, नवे, फुटक्या काचेचे. प्रत्येकावर गेम टाकला आणि पहिली शिफ्ट खेळले. नऊच्या नऊ फोनवर सगळं हिरवं.

भाषा बदलून बघितली. हिरवं. बॅटरी पाच टक्क्यांवर आणून बघितली. हिरवं. मध्येच फोन वाजवला, नेट बंद केलं, फोन उन्हात तापवून आणला. हिरवं, हिरवं, हिरवं. कपाळ माझं!

मग आमच्या टेस्टर मंडळींना फोन लावले. गेम बाहेर काढण्याआधी अकरा जणांनी तो खेळून बघितला होता. सगळे आमच्या पट्ट्यातले. कुणी प्रेस शॉपला, कुणी मशीन शॉपला, दोघी माझ्या जुन्या लाइनवरच्या. आमचे हेसुद्धा त्यात. यांचं काम सेटरचं, म्हणजे मशीन लावून द्यायचं. शटडाउनमुळे हे घरीच होते.

“मला काही प्रॉब्लेम नाही बाबा,” हे म्हणाले. “शंभर पीस, शंभर ओके. तुमच्या त्या लोकांचे फोन भंगार असतील.”

अकराही जणांचं उत्तर तेच.

इकडे रिव्ह्यू येतच होते. नागपूरहून, सुरतेहून, कुठून कुठून. ‘हंड्रेड पर्सेंट रिजेक्शन.’ ‘असा कारखाना असेल तर बंद करा.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘बनवणाऱ्यांनी आयुष्यात कधी फॅक्टरी बघितली आहे का?’ ते वाचून दत्ताभाऊ खुर्चीतून उठलेच.

बुधवारी ओंकारने ठरवलं, की दोष सेटिंगमध्ये आहे. गेममध्ये प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मशीनची सेटिंग थोडी हललेली असते. किती हलली, ते गेम स्वतः ठरवतो, दर वेळी वेगळं. खऱ्या मशीनचंही तसंच असतं. रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी तोच पार्ट तसाच काढेल याची खात्री नाही. ओंकारला वाटलं, काही लोकांच्या फोनवर सेटिंग प्रमाणाबाहेर हलत असणार. दिवसभर तो ते तपासत बसला. संध्याकाळी डोळे चोळत म्हणाला, “बरोबर आहे सगळं. चूक सापडत नाही.”

“मग लोकांनाच खेळता येत नसेल,” मी बोलून गेले.

दत्ताभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. “मॅडम, कस्टमर कम्प्लेंट आली तर चाकनला असंच सांगत हुता का तुमी? कस्टमरलाच कळत न्हाई म्हनून?”

चाकणला असं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता. मान खाली घालून मी पर्स उचलली. बसमध्ये खिडकीशी बसून मला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षांत माझा हिरवा टॅग लागून गेलेला एकही पार्ट परत आला नव्हता. आणि इथे पहिलाच गेम लोकांनी तोंडावर परत मारला होता.

गुरुवारी भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. लाइट नसते. म्हणून सगळे आपापल्या घरून काम करत होते. माझ्या घरी वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, विमलताई. आमच्याकडे अजून वन्संच म्हणतात. त्या लांज्याला पोस्टात काउंटरवर असतात आणि दर मे महिन्यात आठ दिवस आमच्याकडे राहतात. येताना फणसपोळी आणतात आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलून जातात. कारखाना त्यांनी फक्त बसच्या खिडकीतून बघितलेला.

दुपारी मी लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसले. डोकं भणभणलं की मला हाताला काम लागतं. वन्सं समोर माझा फोन घेऊन बसल्या होत्या.

“वैशाली, ह्या मांजराला टार्गेट नाही वाटतं गो,” त्या म्हणाल्या. “चार पत्रं वाटतंय आणि भिंतीवर झोपतंय. आमच्याकडे पाठव ह्याला, कळेल.”

“वन्सं, तो शेजारचा गेम खेळून बघा ना. आमचा.”

मी सहज म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनी मांजराचं कौतुक केलेलं मला जरा लागलं होतं. वन्संनी ‘जनरल शिफ्ट’ उघडला. शॉप दिसला, मशीन दिसलं. मशीनखाली मोठं हिरवं बटन आहे, लाइन चालू करायचं. मशीनने एक पार्ट काढून समोर ठेवला. वन्संनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ हिरवं बटन दाबलं.

धडाधड पार्ट यायला लागले. लाल. लाल. लाल. बिन भरून वाहू लागलं.

“हे काय मेलं? सगळंच लाल येतंय!”

माझ्या हातातली कैरी खाली पडली. “वन्सं, थांबा, थांबा! अहो, पहिला पीस दाखवला का?”

“कुणाला दाखवू?”

“बाईंना.”

“कुठल्या बाईंना?”

“ती काय, कोपऱ्यात टेबलापाशी बसलीय!”

वन्संनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. “ही होय? मला वाटलं ही शोभेला ठेवलीय.”

आता हा पहिला पीस काय प्रकार आहे, ते सांगते. मशीन नव्याने लावलं, की पहिल्या पार्टवर कुणी विश्वास ठेवत नाही. तो उचलायचा आणि क्वालिटीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. इन्स्पेक्टर तो मोजते, किती कमी-जास्त आहे ते सांगते. सेटिंग तेवढी हलवायची, पुन्हा एक पार्ट काढायचा, पुन्हा दाखवायचा. तिने सही दिली की मगच लाइन चालू. सही नसताना चालवलीत आणि सेटिंग चुकलेली असली, तर अख्खा लॉट भंगारात. कारखान्यात पाऊल टाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जेवायच्या आधी हात धुतो तसं ते होऊन जातं.

आमच्या गेममध्येही तसंच होतं. पहिला पीस बोटाने ओढून बाईंच्या टेबलावर ठेवायचा, की बाई सांगतात, ‘थोडा जाड आहे’ किंवा ‘थोडा बारीक आहे’. पण ओढून तिथे ठेवा, असं गेममध्ये कुठेही, कुठल्याही भाषेत लिहिलेलं नव्हतं. का नव्हतं? कारण आमच्यापैकी कुणाला ते लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. भाऊ टूलरूमचे. ओंकार डिप्लोमा करून दोन वर्षं अ‍ॅप्रेंटिस होता. रेश्माचे वडील फोरमन. आणि अकरा टेस्टर, अकराही लाइनवरचे. पार्ट समोर आला की आमचा प्रत्येकाचा हात आपोआप त्या कोपऱ्याकडे जात होता. मी नऊ फोन उन्हात तापवले, पण एकदाही पहिला पीस न दाखवता बटन दाबलं नाही. माझा हात तसं करूच शकत नव्हता!

हसू आलं मला. आणि हसता हसता राग आला. वन्संचा नाही. ती कोपऱ्यातली बाई म्हणजे मी आहे हो. रेश्माने मला समोर बसवून ते चित्र काढलं होतं. निळा ॲप्रन, दोरीला बांधलेला चष्मा, पुढ्यात मापाची पट्टी. चाकणला एकोणीस वर्षं मी अशाच कोपऱ्यात बसले. बाहेरचे पाहुणे प्लांट बघायला यायचे, साहेब त्यांना मशीन दाखवायचे, रोबो दाखवायचे, आणि माझ्या टेबलावरून तसेच पुढे जायचे. एकदा फोटो काढायचा होता म्हणून मला टेबल सरकवायला सांगितलं होतं. शोभेलासुद्धा नव्हते मी तिथे. हे सगळं मी वन्संना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं गो. पण तू तरी काय, एवढी महत्त्वाची बाई, तोंड मिटून बसलीयस.”

मी लगेच स्पीकर लावून ओंकारला आणि भाऊंना फोनवर एकत्र घेतलं. सांगितलं.

मग दत्ताभाऊ म्हणाले, “आयला! एवढी साधी गोष्ट सांगावी लागती व्हय?”

“लागते भाऊ. लांज्याला लागते, नागपूरला लागते.”

“मॅडम, आपण चौघंही येडे आहोत,” ओंकार म्हणाला.

चूक सापडली. आता दुरुस्ती. ओंकारने आठवण करून दिली, की नवीन आवृत्ती टाकली तर स्टोअरवाले तपासून पास करायला दोन-तीन दिवस घेतात. म्हणजे रविवार. आणि कॉल होता उद्या अकराला. आली का पंचाईत! पण गेममध्ये एक गोष्ट आम्ही घरबसल्या बदलू शकत होतो. शिफ्ट सुरू होताना गेटवरचा नोटीस बोर्ड दिसतो. त्यावरचा मजकूर आमच्या कॉम्प्युटरवरून येतो. तिथे आम्ही ‘आज कँटीनमध्ये उपमा’ वगैरे लिहीत होतो.

ओंकारने दहा मिनिटांत मजकूर वाचून दाखवला. “सूचना. उत्पादन सुरू करण्यापूर्वी प्रथम नगाची गुणवत्ता विभागाकडून मान्यता घेणे बंधनकारक आहे.”

“कोण वाचतो रे हे?” वन्सं फोनच्या अंगावरच आल्या. “दिवसभर मी ओरडत असते, बोर्ड वाचा, बोर्ड वाचा. कुणी वाचत नाही. मीसुद्धा आता ह्या गेमचा बोर्ड वाचला नाही, उपमा का काय होतं ते.”

“मग काय करायचं?” भाऊंनी विचारलं. फोनवर कोण बोलतंय हेही त्यांनी विचारलं नाही.

वन्संनी सांगितलं, की त्यांच्या काउंटरवर छापील सूचना होती, ‘फॉर्म पूर्ण भरून आणावा’. सहा वर्षं होती, कुणी फॉर्म भरून आणला नाही. मग एके दिवशी वैतागून त्यांनी हाताने लिहून चिकटवलं, ‘अर्धा फॉर्म आणलात तर मी परत पाठवणार आणि मग माझी जेवायची वेळ होणार. विमल’. दुसऱ्या दिवसापासून लोक पूर्ण भरलेले फॉर्म आणायला लागले, वर ‘विमलताई, बघा बरं’ म्हणून दाखवायलाही लागले. “लोक सूचना वाचत नाहीत हो. माणूस बोलतोय असं वाटलं तर वाचतात.”

मग मी कैरीचे हात पुसले आणि लिहायला बसले. एका दमात लिहिलं, खाडाखोडसुद्धा केली नाही.

‘लाइन चालू करायच्या आधी पहिला पीस मला दाखवा. उचलून माझ्या टेबलावर ठेवा. मी कोपऱ्यात बसले आहे. शोभेला नाही. – बाई’

“हिंदीत आणि इंग्लिशमध्ये ‘बाई’ला काय लिहू?” ओंकारने विचारलं. “लेडी? इन्स्पेक्टर?”

“बाईच लिही.”

तीन वाजता आकुर्डीच्या त्याच्या घरून ओंकारने तो मजकूर चढवला. सव्वातीनपासून मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. शेवटी वन्संनी फोन काढून घेतला आणि मला मोहरी भाजायला लावली.

शुक्रवारी मी आठलाच ऑफिसात पोचले. ओंकार आधीच बसलेला. “मॅडम, वाचा,” एवढंच म्हणाला.

‘माफ करा बाई. चुकलो. आता हिरवं येतंय.’

‘चार दिवस गेमला शिव्या देत होतो. बाई तिथेच बसल्या होत्या.’

‘बाईंना न विचारता लाइन चालवली. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाच स्टार.’

आणि एका पठ्ठ्याने विचारलं होतं, ‘बाई जेवायला कधी उठतात?’

मी तिथेच रडायला लागले. ओंकार घाबरला, पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मी म्हटलं, “अरे, बरं वाटलं म्हणून रडतेय, बस खाली.”

अकराला कॉल. नंदिता मॅडम हिंदी-इंग्लिश मिसळून बोलत होत्या, मी आपल्या भाषेत सांगते. “रेटिंग वाईट आहे,” त्यांनी सुरुवातच तशी केली. भाऊंनी टेबलाखाली माझ्या खुर्चीचा पाय धरला. “तीन दिवस लोक पहिल्याच शिफ्टला सोडून जात होते. मी नाही म्हणायच्या तयारीत होते. पण काल दुपारपासून लोक पुढच्या शिफ्टला जायला लागले. काय केलंत तुम्ही?”

मला वाटलं, भाऊ काहीतरी तांत्रिक सांगून वेळ मारून नेतील. पण त्यांनी सरळ सांगितलं, “मॅडम, चूक आमची हाय. आमाला जे येतं ते सगळ्यांना येतं, असं आमी धरून चाललो.” आणि पहिल्या पीसची गोष्ट सांगितली.

“टेस्टिंग कुणी केलं होतं?”

ओंकार छताकडे बघायला लागला. “मी,” मी म्हटलं.

“आणि ती नोटीस कुणी लिहिली?”

“तीपण मीच. पण चूक माझ्या नणंदेने काढली.”

मग मॅडम म्हणाल्या, की दुसरा भाग करा, पण एका अटीवर. पुढचं टेस्टिंग कारखाना न बघितलेल्या माणसांकडून करून घ्यायचं. आणि त्या बाईंना जरा जास्त बोलायला लावा.

कॉल बंद झाला. भाऊंनी खुर्चीचा पाय सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “वाचलो राव,” म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. जिलेबी मात्र या वेळी कुणी मागवली नाही.

सगळं गोड गोड झालं असं समजू नका. पहिल्या तीन दिवसांत जे गेले ते बहुतेक परत आले नाहीत. त्यांचे एक-एक स्टार अजून तसेच आहेत, मी अधूनमधून बघते. आठवडा संपला, ओळ बदलली, आणि त्या आठवड्याचा सगळ्यात आवडता गेम ठरला मांजराचाच. ‘जनरल शिफ्ट’ कसाबसा मधल्या फळीत राहिला. पण गाळा राहिला, खालचा ग्राइंडर राहिला, आणि सोमवारी मला कामावर जायला जागा राहिली.

धडा म्हणाल तर छोटासाच आहे. काम येणाऱ्या माणसाने टेस्ट केलं, तर वस्तू चालते एवढंच कळतं. दुसऱ्याला ती चालवता येईल का, ते त्याला कळायला मार्ग नाही, मग त्याने नऊ फोन उन्हात तापवले काय नि नव्वद तापवले काय. म्हणून आमच्या टेस्ट रिपोर्टवर माझ्या सहीच्या वर आता एक नवा रकाना छापलाय: ‘वन्संना जमलं का?’ दुसऱ्या भागाचा पहिला नमुना मी मागच्या महिन्यात लांज्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं.

‘नाही. आणि ती बाई आता फार बोलते.’